उलट्या तोंडाची बाबागाडी

बाबागाडी माझ्या भावानं पुण्याहून पाठवली. वस्तू महागाची घ्यायची आणि ती कशी वापरायची ते सांगायचं नाही, ही त्याची जुनी सवय. अमरावतीच्या आमच्या घरात खोकं फोडून नवऱ्यानं चाकं बसवली, टप बसवला, आणि मग सीट हातात धरून उभा राहिला. "ही दोन्ही बाजूंनी बसते. तोंड आपल्याकडे करू की रस्त्याकडे?"

सासूबाईंनी मला बोलूच दिलं नाही. "रस्त्याकडं. उलटं बसवलं का उलटी होते. मी एसटीत मागं तोंड करून बसली का वलगाव यायच्या आधीच मळमळते मले. थे तं लेकरू हाय."

उलटं आणि उलटी हे शब्दच इतके जवळचे की त्यांच्यापुढे माझा काय टिकाव लागणार! शिवाय त्यांच्या मनात आणखी एक होतं, ते त्या बोलल्या नाहीत. नात देखणी होती, आणि गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावरून ती दिसायला हवी होती. मी म्हटलं, असू दे. एरवी मी इतक्या सहज ऐकणाऱ्यातली नाही, पण तेव्हा माझी झोप पुरी होत नव्हती आणि भांडायला अंगात त्राण लागतं.

मी कॉलेजात शिकवते. मुलगी दिवसभर सासूबाईंकडे असायची. संध्याकाळची फेरी तेवढी माझी. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, मैदानाला वळसा घालायचा आणि परत यायचं. या फेरीची मी दुपारपासून वाट बघायचे आणि फेरीत मला काय दिसायचं, तर करड्या रंगाचा टप आणि बाजूनं लोंबणारा एक मोजा. समोरून येणारे लोक मला सांगायचे, "अगं बाई, किती गोड हसली!" माझ्याच मुलीच्या बातम्या मला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मिळायच्या. एकदा तर सगळ्या वाटभर तिच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. घरी येऊन बघते, तर चेहरा लालबुंद आणि डोळ्यांना धारा. मला काही कळलंच नव्हतं. त्या दिवशी मी बाबागाडी बनवणाऱ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

आता तिच्या नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच झाला. नवऱ्याची आजी, म्हणजे सासूबाईंची सासू, मी गरोदर असताना गेली. मुलगी झाली म्हणून तिचंच नाव ठेवायचं ठरलं. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी होकार दिला. मग बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ आल्या, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. आमच्याकडे जुन्या बायका सासूला आत्याबाई म्हणतात, तसं त्यांनी उभा जन्म आत्याबाई म्हटलं होतं. आता ते नाव जिभेवर यायलाच तयार नव्हतं. शेवटी त्यांनी नातीलाही आत्याबाई म्हणायला सुरुवात केली, तेही अहो-जाहो करून. "आत्याबाई, दूध घेता काय?" "आत्याबाई, पुन्हा शी केली काय तुमी?" आम्ही हसून बेजार. नवरा तिला मॅडम म्हणायचा, मी ढेमसं म्हणायचे, कारण ती बाजारातल्या ढेमशासारखीच गोल होती. ठेवलेलं नाव घरात कोणीच घेत नव्हतं. ते घ्यायच्या फक्त शेजारच्या मावशी, त्यांना सगळे खाला म्हणायचे.

खालांचं माहेर अचलपूरचं. आमच्या घराला लागून त्यांचं घर, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं मशीन. बाबागाडी दारावरून गेली की त्या मशीन थांबवून मुलीला पूर्ण नावानं हाक मारायच्या. एका संध्याकाळी मी परत येत असताना त्या ओट्यावरून खाली उतरल्या. चेहरा हसरा नव्हता.

"बेटा, बुरा मत मानना. मैं कितने दिनसे आवाज देऊन राहिली, ये पलटके देखतीच नई. कान ठीक है ना इसके?"

मी बुरा मानला. अगदी मनापासून मानला. "ठीक आहेत कान," असं तोडून बोलले आणि घरात आले. मग आठवलं. सातव्या महिन्यात मुलीचा कान वाहिला होता. औषधानं थांबला होता, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं होतं, आणि मीही विसरून गेले होते.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. फिरायला नेताना मी मागून तिचं नाव घ्यायचे. टप हलायचा नाही. चुटकी वाजवायचे. मोजा तसाच लोंबत राहायचा. घरात तिच्या पाठीमागे ताट वाजवलं तर ती दचकायची, पण मला वाटायचं, फरशीचा हादरा बसला असेल. दार उघडल्यावर बघायची, तर वाटायचं, उजेड दिसला असेल. भीती एकदा मनात शिरली की कुठलाच पुरावा पुरत नाही. नवरा म्हणाला, "अगं, मिक्सर लावला की किती रडते ती!" मी त्याच्यावर खेकसले. त्याच्या बिनघोर असण्याचा मला राग येत होता, आणि खरं तर तो बरोबर असावा म्हणून मी देवाला हात जोडत होते. माझं बोलणं, मी म्हटलेली सगळी गाणी, ती वाट्टेल ती बडबड, हे तिच्यापर्यंत पोचलंच नसेल तर?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि मी मुलीला घेऊन अकोल्याला माहेरी आले. सासूबाईंना फक्त माहेरपण सांगितलं. आईबाबांच्या घराजवळ कानाच्या एक डॉक्टर होत्या, त्यांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबांनी अंगणात बाबागाडी उघडली. प्रवासासाठी सीट काढली होती, ती त्यांनी लावली आणि मुलीला बसवून पट्टाही बांधला. मी बघितलं तर तोंड आमच्याकडे.

"बाबा, उलटी बसवली तुम्ही. तिला उलटी होईल."

"काही नाही होत. वर्षातून दोनदा येते नात. मले तिचं तोंड पाहाचं हाय. टप काय पाहाचा?"

एवढं बोलून ते निघालेसुद्धा. बाबांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ते ऐकून घेतात आणि मग आपलंच करतात. मी मागे गेले. कोपऱ्यावर त्यांना कोणी ओळखीचं भेटलं, म्हणून दांडी माझ्या हातात आली.

आणि समोर माझी मुलगी होती. हे वाक्य लिहिताना मला जरा वेडगळ वाटतं, कारण रोज घरात ती माझ्यासमोरच असायची. पण घरात मला कुकर असतो, फोन असतो, वाळत घातलेले कपडे असतात. इथे माझे हात दांडीवर गुंतलेले आणि दुसरं कामच नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मी भुवया उडवल्या, तिनं आधी नीट विचार केला आणि मग तिच्या नसलेल्या भुवया उडवून बघितल्या. कुत्रं बाजूनं गेलं तेव्हा तिनं कुत्र्याकडे पाहिलं आणि लगेच माझ्याकडे, यावर माझं काय मत आहे ते विचारायला. मी म्हटलं, "भू भू." तिचं समाधान झालं. इतके दिवस ती त्या टपाखाली किती वेळा मागे बघायला गेली असेल आणि तिला कापडच दिसलं असेल, असं मनात आलं.

पुढे चौकात रसवंती होती. उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात, ती आम्ही चौकाच्या बरीच अलीकडे असताना वाजायला लागली. मुलीची बघायची दिशा उलटी. रस्त्यावर जे काही समोरून यायचं ते तिच्या पाठीमागून यायचं. चरक तिला दिसणं शक्य नव्हतं. हादरा नव्हता, उजेड नव्हता. ती माझ्याकडे बघून हसत होती, आणि घुंगरं वाजताच तिचं हसू मध्येच थांबलं. डोळे माझ्यावरून सुटून बाजूला गेले. मग मान वळली, मग पट्ट्यात जेवढं वळता येईल तेवढं सगळं अंग वळलं, आणि सीटच्या कडेवरून मागे बघायची तिची धडपड सुरू झाली. घुंगरं थांबली, तशी ती माझ्याकडे वळली. पुन्हा वाजली, पुन्हा मागे.

मी रस्त्यात उभी राहिले. मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत आला आणि तिनं डोळे मिचकावले. मला तो हॉर्नही गोड वाटला. "ओ ताई, बाजूला व्हा ना वो," तो ओरडला, आणि मी त्याच्याकडे बघून इतकी हसले की तो घाबरून गाडी वळवून गेला.

मग मी तिच्यापुढे वाकून तिचं नाव घेतलं. पूर्ण, खालांसारखं. ती माझ्या गळ्यातल्या साखळीकडे बघत होती, तशीच बघत राहिली. पुन्हा घेतलं. काही नाही. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी सासूबाईंचा आवाज काढला. "आत्याबाई, रस घेता काय?"

झटकन मान वर. सगळं तोंड पसरून हसू, दोन्ही पायांनी सायकल चालवल्यासारखी धमाल.

मला रडू आलं, तेही भर चौकात. जे नाव ऐकून ती वळत नव्हती ते तिला कोणी आपलं म्हणून दिलंच नव्हतं. खाला कोणा भलत्याच बाईला हाक मारत आहेत, अशीच तिची समजूत असणार.

डॉक्टरांकडे तरीही गेलेच. त्यांनी आधी मागून खुळखुळा वाजवून बघितला, मग एका छोट्या मशीनची नळी कानात धरून तपासलं. दोन्ही कान चांगले होते. वाहिलेलाही.

"नावानं हाक मारली की बघते?" त्यांनी विचारलं.

"नावानं नाही बघत."

त्यांनी हातातलं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हटलं, "आत्याबाई म्हटलं की बघते."

त्यांना तिथेच करून दाखवावं लागलं. डॉक्टर बाई इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बाबांनी आत डोकावून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "शंका आली तर दाखवायचंच असतं, बरं केलंत. आणि बोलत राहा तिच्याशी, समोरासमोर."

बाहेर येऊन मी सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, खालांपासून रसवंतीपर्यंत.

"मले काहून नाही सांगतलं? एकटीच जीव जाळत बसली तू," त्या म्हणाल्या. आवाज भिजलेला होता. मग नाक ओढून म्हणाल्या, "मंग आता काय म्हणू मी तिले? नाव तं माह्यानं घेतल्या जात नाही."

"आई, काही बदलू नका. तिला तेच येतं."

"बरं. अन् उलटी तं नाही झाली ना तिले?"

"नाही झाली."

"मंग राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळालं हे खूप झालं.

घरी परतताना बाबा कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून ओळखीच्या माणसांना नातीचे कान ठणठणीत असल्याचं सांगत होते. त्या माणसांना त्यात शंका होती हेही माहीत नव्हतं. मी बाबागाडी घेऊन पुढे निघाले. मुलीचे डोळे पेंगुळले होते. मी तिला काहीबाही सांगत होते, की ढेमसं, आज आजीनं वांग्याचं भरीत केलंय, तुला ते खाता येत नाही, पण पुढच्या वर्षी येईल, आणि आपण परत गेलो की खालांकडे जायचं, मी त्यांच्याशी फार वाईट बोलले, आणि तू तिथे जाऊन... तिच्या पापण्या मिटल्या. मान एका बाजूला कलली. झोपली, असं वाटलं. म्हणून मी वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले.

तिनं डोळे उघडले. रस्त्यावर दुसरा कसलाच आवाज नव्हता, फक्त माझा थांबला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वाट बघत.

"तू तिथे जाऊन मस्त हसायचं," मी म्हटलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.