जिनिंगच्या गेटवरची मावशी

"पह्यले भेव, मंग काम."

सकाळी आठला आलेल्या प्रत्येक बाईला मावशी हे ऐकवायची आणि ऐकवता ऐकवता तिच्या पदराचं टोक ओढून बघायची. टोक हातात आलं की बाई बाजूला. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट हवा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वेणीचा घट्ट अंबाडा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत पिनेनं टाचलेलं. ते काढून ठेवायला एकही बाई तयार होत नसे, म्हणून पिनेची युक्ती मावशीनंच काढली होती. तिच्या स्वतःच्या गळ्यात काही नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कापसाच्या हंगामात वर्धा जिल्ह्यात फिरला असाल, तर असे जिनिंगचे कारखाने तुम्ही बाहेरून पाहिले असतील. आत कापूस सरकत्या पट्ट्यावरून सरकी काढणाऱ्या यंत्राकडे जातो आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या बाया त्यातला काडीकचरा वेचतात. आवाज असा की शेजारणीचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. मावशी या बायांची मुकादम. मी तिथं प्रशिक्षण आणि सुरक्षा बघायला लागलो तेव्हा डिप्लोमाची शाई वाळायची होती.

पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर पोस्टर लावलं. हेल्मेट आणि बूट घातलेला एक गोरटेला माणूस अंगठा दाखवतोय. मावशीनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"साहेब, यात बाई कुठी हाय?"

"मावशी, हे सगळ्यांसाठी आहे."

"मंग याले साडी नेसवा, म्हंजे समजंन."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

तिचं प्रशिक्षण वेगळंच होतं. नव्या बाईला ती पहिला दिवसभर पट्ट्यापासून चार हात लांब नुसती बसवून ठेवायची. "आज काम नाई. आज आवाज आयक." संध्याकाळी विचारायची, "कवा भेव वाटलं?" नाही वाटलं म्हणणारीला दुसऱ्या दिवशीही बसवायची. उपासाच्या दिवशी तर प्रत्येकीला विचारणार, काही खाल्लं का. उपाशी बाई पट्ट्यावर नको, तिला अंगणात झाडायला पाठवायची. आम्ही आरोग्य शिबिर घेऊन रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या वाटल्या. त्या गोळ्या बाया खरंच गिळतात की नाही हेही तीच बघायची.

मला मात्र तिचं हे भेव पटत नसे. माणसाला आत्मविश्वास द्यावा, घाबरवू नये, असं मी कुठंतरी शिकलो होतो. एकदा तसं तिला बोललोही. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुमी अजून पट्ट्याजवळ बसले नाई ना, साहेब."

संक्रांतीला कंपनीनं बायांसाठी हळदीकुंकू करायचं ठरवलं. वाण म्हणून काय द्यावं, हे माझ्यावर सोपवलेलं. मी दुपट्टे छापून घेतले. केशरी, चकचकीत, लांब, आणि टोकाला 'सुरक्षा हाच सन्मान' असं लिहिलेलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मांडव गेटवरच घातला. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी कुंकू लावायला येणार होत्या. आदल्या दिवशी साहेब मला हळूच म्हणाले, त्या तुमच्या मुकादमबाईंचं जरा बघा. मी ओळखलं. सकाळी मावशीला म्हणालो, "मावशी, कार्यक्रम होईपर्यंत तुम्ही मागच्या शेडमध्ये बसा. तिथं चहा पाठवतो."

ती मागच्या शेडकडे गेली. चहा पाठवायचा मी विसरलो.

कुंकू झालं, तिळगूळ झाला, फोटो झाले. बाया तशाच, गळ्यात दुपट्टे मोकळे लोंबत ठेवून आत गेल्या. गेटवर त्यांचं टोक ओढून बघायला कोणी नव्हतं. मी मांडवाचे दोर सोडवत होतो.

यंत्राचा आवाज बदलला तेव्हा मला तो कळलाही नाही. मावशीला मागच्या शेडमध्ये बसून कळला. तिला मी अंगणातून धावताना पाहिलं आणि दोर टाकून मीही मागं धावलो. ती असं का धावते आहे, हे कळण्याआधीच मला भीती वाटली.

नवं लग्न झालेली एक पोर पट्ट्याच्या शेवटी बसायची. तिच्या दुपट्ट्याचं टोक फिरत्या दांड्यात गेलं होतं आणि ती मानेनं ओढली जात होती. सोडवायला घातलेला उजवा हातही आत गेला. लाल बटण मावशीनं दाबलं. पण बटण दाबल्यावर एवढं जड यंत्र लगेच थांबत नाही. ते थोडा वेळ आपल्याच जोरानं फिरत राहतं. तेवढा वेळ मावशी त्या पोरीला कमरेला धरून मागं खेचत होती आणि मी दारात उभा होतो. माझा पाय पुढं पडला नाही.

पोर वाचली. हात दोन ठिकाणी मोडला होता.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल मागितला. "कार्यक्रमाचा उल्लेख नको," एवढंच म्हणाले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'कपडे तपासणारी मुकादम जागेवर नव्हती.' खोटं एक अक्षर नव्हतं. मावशीनं खाली मोठ्या अक्षरांत सही केली. महिनाअखेरीस तिला घरी बसवलं.

बऱ्याच दिवसांनी मी तिच्या गावी गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पोरीचा हात कसा आहे, विचारलं. मग म्हणाली, "आता गेटवर कोण राह्यते?"

"कोणी नाही."

तिचे हात थांबले. ती उठली, पायात चप्पल घातली, दारापर्यंत गेली. तिथून परत आली आणि चप्पल काढून खाली बसली.

"मावशी, तो अहवाल मी लिहिला," मी म्हणालो.

"मले मालूम हाय. बराबरच लेहलं तुमी. मी नव्हतीच ना गेटवर." तिनं पुढची शेंग सोलली. "तुमी मले मांगं बसवलं, ते मी कोणाले नाई सांगतलं. तुमीबी नोका सांगू. नवी नोकरी हाय तुमची."

मी मान डोलावली. आजवर कोणाला सांगितलंही नाही. तुम्हाला सांगतो आहे, तरी ना तिचं नाव लिहिलं ना कारखान्याचं. मी अजून तिथंच नोकरीला आहे.