मचाणाला बांधलेला उतार

मंडळी, आत्ताच जंगलातून इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला घरी आलोय. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्याकडे शिकारीचा परवाना आहे, पण अपघातानंतर व्हीलचेअर आली आणि मचाणाची शिडी चढणं संपलं. मी शिकारीच्या गटात जाणंच सोडलं.

आज पहाटे आमच्या गटातला क्लाउस हट्टाने घेऊन गेला. पाहतो तर मचाणाला लाकडी उतार!

"माझ्यासाठी?"

"गेनाऊ, तुझ्याचसाठी. तुझ्याशिवाय करमत नव्हतं आम्हाला."

स्वतः चाकं ढकलत वर गेलो. थोड्या वेळाने रानडुकरीण आली, मागे पिल्लं. पिल्लांच्या आईवर गोळी झाडत नाहीत. बंदूक खाली ठेवून पाहत राहिलो. डोळे भरून आले होते.

तुमच्या ग्रुपमध्ये हल्ली कोण येत नाही? काय अडतंय, विचाराल एकदा?