त्यांच्या नावावरचा मायक्रोफोन

माझे यजमान निवृत्तीनंतर एका मुलीसाठी पुस्तकं वाचून मोबाइलमध्ये भरून देत असत. मुलगी यवतमाळकडची, कर्वेनगरला वसतिगृहात राहून इतिहासात एम.ए. करणारी. तिला जन्मापासून दिसत नाही. अभ्यासाची जी पुस्तकं तिला ऐकायला मिळत नाहीत, ती हे बिबवेवाडीच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत. असंच एक जाडजूड पुस्तक निम्मं झालं असताना ते गेले.

मुलगी भेटायला आली. माझा हात धरून बसली, पण पुस्तकाचा विषय तिनं काढला नाही. मीच विचारलं. परीक्षा उन्हाळ्यात होती. "उरलेलं मी वाचीन," असं मी म्हणून बसले. तोवर मोठ्यानं वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझं सगळं वाचन मनातल्या मनात.

पहिलं प्रकरण मोबाइलवर वाचून पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काकू, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"वाचलंय छान. पण भाजीवालाच जास्त क्लिअर येतोय. मेथी, पालक, चुका, सगळं पाठ झालंय माझं."

हे पहाटे वाचत, म्हणून त्यांच्या वाचनात भाजीवाला नसे. पहाटे मला वाचता येईना. ती माझी रडायची वेळ झाली होती.

मग मी घरच्या घरी ध्वनिमुद्रण कसं करावं याबद्दल वाचायला लागले. परीक्षेसाठी वाचावं तसं, कागद-पेन घेऊन. मायक्रोफोनचे प्रकार, तो संगणकाला जोडणारी यंत्रं, कानाला लावायचे हेडफोन, सॉफ्टवेअर. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढे, आणि खरं सांगायचं तर तो गोंधळ मला आवडू लागला होता. दुपार कधी संपली ते कळत नसे.

शेवटी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. माझं सगळं ठरलेलं होतं. मी बोटानं मायक्रोफोन दाखवला.

"काय गाता आपण?" दुकानदारांनी विचारलं.

"गात नाही. पुस्तक वाचायचंय."

"मग हा राहू दे. हा कंडेन्सर, फार हळवा असतो. शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा स्वच्छ येतील. खोलीला गाद्या लावल्यात का भिंतींवर?"

"नाही. खाली भाजीवाला असतो."

"मग हा डायनॅमिक घ्या." त्यांनी दुसरा काढला. "हा अगदी नवऱ्यासारखा. तोंडाजवळ जाऊन बोललं तरच ऐकतो."

मी हसले. चांगली मोठ्यानं, दुकानातल्या बाकीच्यांनी वळून बघावं अशी. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्याला काय माहीत? मधलं कुठलंही यंत्र न लागता थेट लॅपटॉपला जोडता येईल असा मायक्रोफोन त्यांनी दिला, कान पूर्ण झाकणारे हेडफोन दिले आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर फुकटचं वापरा. त्यातलीही निम्मी बटणं तुम्हाला लागायची नाहीत."

रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसले आणि लक्षात आलं, सकाळपासून मला ह्यांची आठवणच झालेली नाही. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं.

त्या रविवारी वन्सं आल्या. ह्यांची ही एकुलती एक धाकटी बहीण जवळच राहते. वर्ष पुरं होईपर्यंत घरात नवीन काही आणायचं नाही, हे त्यांच्या माहेरचं वळण. माझा बिघडलेला मिक्सरही त्यामुळे तसाच पडून होता. त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं.

"वहिनी, हे काय नवीन?"

"ह्यांनीच मागवलं होतं," मी म्हणाले. "आधीच. यायला उशीर झाला."

इतकं सरळ खोटं मी कसं बोलले, मला कळलं नाही. वन्सं खुर्चीत बसल्या. "दादानं? स्वतःसाठी?" त्यांचे डोळे भरून आले. उठून त्यांनी ह्यांच्या फोटोवरचं एक फूल काढलं आणि मायक्रोफोनवर ठेवलं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग मायक्रोफोन उचलून ह्यांच्या तसबिरीशेजारी ठेवला. "वर्षश्राद्धापर्यंत इथंच असू दे. कुणी हात लावायचा नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर मी माझ्याच घरात चोरासारखी वाचू लागले. फूल उचलून बाजूला ठेवायचं, मायक्रोफोन टेबलावर आणायचा, एखादं प्रकरण वाचायचं, चुकलेलं कापायचं, आणि सगळं होतं तसं परत ठेवायचं. वन्सं आल्या की मऊ फडक्यानं त्याच्यावरची धूळ पुसत. मी बघत उभी राहायची. एखाद्या आठवड्यात मुलीला काही पाठवता आलं नाही, की मी तिलाही तब्येतीचं कारण सांगत असे.

एका दुपारी मी वाचत होते. हेडफोनमुळे बेल ऐकू आली नाही. ह्यांच्या आजारपणापासून वन्संकडे आमची किल्ली असते. पान उलटताना मान वर केली, तर त्या दारात उभ्या.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं ना मी?"

मी हेडफोन काढले. "वन्सं, हे ह्यांनी मागवलेलं नाही. मी आणलं. दुकानात जाऊन."

त्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "साधा रुमाल घ्यायचा तरी दहादा विचार करायचा तो. मला वाटलं, जाता जाता एकदा तरी स्वतःसाठी काही घेतलंन."

ते मी त्यांना दिलं होतं आणि आता काढून घेतलं होतं. मला मान वर करवेना.

"आणि खोटं कशाला बोललीस? मी काय खाल्लं असतं तुला?"

"लाज वाटली."

"मायक्रोफोनची?"

"दुकानात हसले होते मी." मग दुकानदारांचं ते वाक्यही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

वन्सं हसल्या नाहीत. "दादा ऐकायचा तुझं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून पुटपुटलीस तरी ऐकायचा."

टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या मुलीची परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग वाच." त्यांनी पंखा बंद केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मी वाचलं. इतकं वाईट मी आधी कधी वाचलं नव्हतं, ओळीओळीला अडखळत. त्या मात्र शेवटपर्यंत हलल्या नाहीत. निघताना चपला घालत म्हणाल्या, "बाकीच्यांना काही बोलू नकोस आता. मी गावभर सांगून बसलेय."

पुस्तक परीक्षेआधी पूर्ण झालं. आता भाजीवाला येत नाही, असं मुलीनं कळवलं. मला ते तिच्या तोंडून ऐकून आनंद झाला आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

वर्षश्राद्धाला माझे चुलत दीर आले होते. जेवणं झाल्यावर तसबिरीसमोर उभे राहून म्हणाले, "वहिनी, दादाचं ते मशीन कुठंय? एकदा बघू तरी."

मी वन्संकडे पाहिलं. त्या पानं उचलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी आतून मायक्रोफोन आणला आणि दिरांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन तो कपाळाला लावला.