झरी ते सोन्याची खाण: अक्काला आणायला

राज्यं नव्यानं वाटली गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, पत्र आलं. ‘खाणीतला एक बोगदा बंद करायलेत. यांचं काम जाईल. न्यायला ये.’ भावजी रायचूरकडच्या सोन्याच्या खाणीत दगडाचे नमुने काढत. कुणीच जागचं हललं नव्हतं, तरी कालपर्यंत एकाच हैदराबाद राज्यातले आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो आणि ते म्हैसुरात.

जाणाऱ्यांनी आमच्या झरीहून बैलगाडीनं परभणी गाठावी. तिथून सिकंदराबाद, मग गाडी बदलून वाडीमार्गे रायचूर. पुढं मोटार; तिच्यात धूळ फुकट मिळते. भाकरी दोन दिवसांचीच बांधावी. तिसऱ्या दिवशी ती फोडावी लागते.

बोगद्यात भावजींनी कंदील वर धरून भिंतीतली गारगोटीची पांढरी शीर दाखवली. तिच्यातून हात-हात अंतरावर दगड फोडून त्यांनी पंधरा पिशव्या तपासायला दिल्या होत्या. चौदांत जवळपास काहीच नव्हतं. पंधराव्या पिशवीत इतकं सोनं निघालं, की तपासणाऱ्यानं आकडा दोनदा पुसून लिहिला.

“मंग सरासरी काढा की,” मी म्हणालो.

“एका पिशवीत मोठा कण घावला म्हणून सगळी शीर तशी होत न्हाई. साहेब म्हणतो, ती पिशवी सोडून द्या अन् बोगदा बंद करा. पण कण खोटा न्हाई ना! सोनं इथं सारखं पसरलेलंच न्हाई. पिशवी लहान पडायलीय.”

त्यांनी साहेबाकडं एकच मागणं केलं: सगळ्या शिरेतून दहा गाडे दगड काढून वेगळा दळू द्या. साहेबानं तीन दिवस दिले. भावजी घरी फक्त जेवायला येत. अक्कानं तेवढ्यात संसार बांधला. एक तवा तेवढा बाहेर ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी भावजी आले. सोनं त्या एका पिशवीच्या आशेपेक्षा लय कमी होतं आणि चौदा पिशव्यांपेक्षा बरंच जास्त. बोगदा चालू राहणार होता.

“पुरतंय,” एवढंच बोलून ते जेवायला बसले. पहिला घास मात्र हातातच राहिला.

अक्का बोचकी सोडायला लागली.

“आईला काय सांगू?”

“लय मजेत हाय, म्हणून सांग.” तिनं पाठ फिरवूनच सांगितलं.

तीन दिवसांनी मी झरीत उतरलो. खाण बघायची असेल तर जरूर जावं. माणसं चांगली आहेत, पाणी मचूळ आहे. कुणाला आणायला मात्र जाऊ नये.

“सोनं कसं असतंय रे?” आईनं विचारलं.

“दिसलंच न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि बैलगाडीत पुन्हा एकदा डोकावून आली.