इरल्यातली बाई

बाह्या वर सारायच्या, माउसवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "राबव की त्याला. गडी हाय." ताईंचा दिवस असा सुरू व्हायचा.

गडी म्हणजे एआय. भोरच्या एसटी स्टँडमागच्या खोलीत ताई आणि मी पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाईल गेमची थ्रीडी मॉडेलं करायचो. घरं, झाडं, माणसं. मी एआयला शिव्या घालायचो. ताईंनी त्याला सरळ कामाला जुंपलं. बांधाचे दगड, कौलं, गवत, सगळी मरमर त्याची. आमचा अख्खा दिवस खाणारं काम चहा होईस्तोवर हातावेगळं. वर ताईंचं हेही असायचंच, "गड्याला काम सांगावं, घर देऊ न्हाई."

मग कंपनीचा निरोप आला. यापुढं मॉडेलं एआय करणार, तुम्ही फक्त डागडुजी करायची. गेममध्ये कलाकार म्हणून तुमची नावं येणार नाहीत. माझं धाबं दणाणलं. ताई नुसत्या हसल्या, आणि तुम्हाला सांगतो, ते हसू काही बरं नव्हतं.

त्याच आठवड्यात भातलावणीचा देखावा आला. पावसासाठी डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं घेतलेली बाई हवी होती. गड्यानं इरल्याला दांडा लावला, त्याची छत्री केली आणि ती बाईच्या हातात देऊन तिला शेतात उभी केली. आमची हसून पुरेवाट. व्हिडिओ कॉलवर कंपनीचे साहेब म्हणाले, "चालेल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय न्हवं," ताई म्हणाल्या, आणि आपली बाई स्वतः घडवायला बसल्या.

ती झाली तेव्हा गुंजवण्याहून चुलतीचं इरलं घेऊन आल्या, अख्ख्या एसटीला अडचण करत. कॉल लागताच ते डोक्यावरून पाठीवर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर ओणव्या झाल्या.

"इरलं वाकल्या पाठीचं असतं, साहेब. पाऊस पाठीवर, हात चिखलात मोकळं."

"कळलं, बाई. आता उभ्या राहा."

"माझी बाई घेताय?"

"घेतो."

"आन् नाव?"

"नाव नाही देता येणार. धोरण आहे तसं."

तेव्हा ताई ताठ उभ्या राहिल्या. "मग ती माझ्यासंगं येईल," म्हणाल्या. फाईल पाठवलीच नाही. इरलं काखेत मारलं आणि निघाल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि खोली खायला उठली.

आता शिवऱ्याला हायवेकडेला त्यांची स्वतःची जागा आहे. पाटीवर नाव त्यांचं. गडी तोच, त्यांच्या हाताखाली.

गेमही आलाय. बघाच तुम्ही. शेत आहे, चिखल आहे, पाऊस कोसळतोय. मधोमध एक बाई छत्री धरून ताठ उभी आहे. लावणी अजून व्हायचीय.