सोनुकाकीनं घेतलेलं नाव

पोशीरची सोनुकाकी मयताला रडायची. घरातलं कुणी गेलं की रडतात सगळेच, पण काकी हेल काढून, मेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं अख्खं आयुष्य सांगत रडे. ती आल्याशिवाय गावातलं मयत हलत नसे. तिला नाटकात ओढलं ते मी, तिच्या शेजारच्या दर्शनानं. अवदसा आठवली मला, दुसरं काय!

आमच्या कर्जतच्या मंडळानं ग्रीक लोकांची हजारो वर्षांपूर्वीची युद्धकथा घेतली होती. दिग्दर्शक प्रबुद्धनं ती आजच्या सीमेवर आणली. म्हातारा राजा शत्रूच्या छावणीत जाऊन मुलाचं प्रेत मागून आणतो आणि बायका त्याच्यावर रडतात. काकीचा एकुलता जितेश फौजेत. प्रयोगाच्याच आठवड्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि त्याचा फोन लागेना.

"काकी, तू नको येऊस," मी म्हटलं.

"घरी बसून काय करू गं? फोनची पूजा करू?"

कशेळ्याला शनिवारी दुपारचा प्रयोग होता. पोशीरच्या बायका पुढच्याच रांगेत. चादरीखाली आमचा विठू प्रेत होऊन पडला, काकी त्याच्या उशाशी बसली. त्या राजपुत्राचं परदेशी नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं, तालमीत आम्ही हसायचो. तिनं हेल काढला आणि सवयीनं नाव घेतलं, "जितेश रंऽ, माझ्या लेकाऽ..."

पुढच्या बायका उठल्या. मयताच्या घरी जातात तशा एकेक करून स्टेजवर चढल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. कुणीच त्यांना अडवलं नाही. नंतर विठू म्हणाला, "ताई, मला हात हलवायचा होता, हललाच नाय."

आम्ही पोशीरला पोचलो तर बातमी आधीच पोचलेली. काकीच्या अंगणात माणसं बसली होती. शेजारणीनं पिठलं-भात आणून ठेवला होता, सुतकाच्या घरी आणतात तसा.

"अवो, जिवंत हाय तो! मी नाटकात रडले!" काकी ओरडत होती.

"मग बरंच झालं," म्हातारा धाकलू म्हणाला. "खोटं रडलं की आयुष्य वाढतं."

पण माणसं उठेनात. काकी उंबऱ्यावरच बसली. "माझ्याच तोंडानं नाव घेतलं गं त्याचं. माझ्याच तोंडानं."

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"आय, मी बरा हाय."

"मुडद्..." काकीनं नेहमीची शिवी अर्ध्यात गिळली आणि हसत-रडत भिंतीला टेकली. मलाही रडू फुटलं.

मग जितेश म्हणाला, "शनिवारी दुपारी ड्यूटी माझी होती. मला ताप भरला, म्हणून दुसरा पोरगा गेला माझ्या जागी. तो गेला गं आय."

काकीनं विचारलं, "त्याची आय हाय का रं?"

"हाय."

तिनं फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर पोशीरमध्ये तीन माणसं गेली. तिन्ही वेळा मी काकीला बोलवायला गेले, ती आली नाही. परवा दार लोटत म्हणाली, "नको गं. माझं रडणं भलत्याच्या घरी जातं."