शेजारच्या गच्चीवरचे रातकिडे

झाशीला ओरछा गेटजवळच्या आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आलेल्या त्या बाईंचं नाव मला अजून ठाऊक नाही. गच्चीवरच्या खोलीत त्या रातकिडे पाळायच्या, तेही माणसांनी खायला. मोठमोठ्या टबांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचायचे, वर कोंडा टाकायचा, की कमरेवर हात ठेवून गल्लीकडे बघत राहायचं. कोणी नाक मुरडलं, तर त्याच्याकडे बघतच भाजलेला, तिखटमीठ लावलेला रातकिडा कुरूमकुरूम खायच्या.

"दाल से कम ताक़त नहीं है, भैया. और पानी घूँट भर लगता है. बुंदेलखंड में पानी धरा कहाँ है?"

एका सकाळी माझे काका पूजेवरून उठले आणि सोवळ्यातच त्यांच्या दारात जाऊन गरजले, "बगल में हमारा देवघर है! यहाँ कीड़े नहीं पलेंगे!"

बाईंनी हातातला टबसुद्धा खाली ठेवला नाही. काकांच्या रेशमी सोवळ्याकडे त्यांनी नुसती हनुवटी उडवली.

"पंडितजी, ये भी कीड़ों का ही है. उबाल के मारे गए हैं सब. हम तो पेट के लिए मारते हैं. आप?"

काका तसेच मागे फिरले. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ते ओलं सुती धोतर नेसून पूजेला बसले. शेजारून रातकिड्यांची किरकिर चालूच होती. काकांनी घंटा मात्र नेहमीपेक्षा जोरात वाजवली.